कोपऱ्यातलं अंजीर

नीताने कुंडीत बोट खुपसलं आणि ते दुसऱ्या पेरापर्यंत ओलं झालं.

तिने बोट बाहेर काढून पाहिलं, मातीचा वास घेतला आणि शेजारच्या कुंडीत खुपसलं. तिथेही तेच. खांद्यावरची पर्स अजून उतरवलेली नव्हती, विमानात पांघरलेली शाल गळ्यात तशीच होती, आणि मागे गुरुप्रसाद गाडीच्या डिकीतून एकेक बॅग खाली ठेवत होता. सातही कुंड्या तपासून झाल्यावर ती सरळ उभी राहिली. व्हिलाच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत अंजिराची सात झाडं पानांनी गच्च भरून उभी होती. एकेक पान ताटलीएवढं. ऑगस्ट संपत आलेल्या दोह्यात इतकं हिरवं दुसरं काही सापडलं नसतं.

दुसऱ्या कुणालाही आनंद झाला असता. नीता मात्र तरातरा गाडीकडे वळली.

"अहो, ह्यांना पाणी कुणी घातलं?"

"आधी आत चल. उकडतंय किती," गुरुप्रसाद म्हणाला आणि सगळ्यात जड बॅग उचलून आत गेला.

"आई, दे लुक अमेझिंग!" नुपूर म्हणाली. ती दहावीत होती आणि दोन महिने आजोळी राहूनही तिचं मराठी फक्त कानांपुरतंच राहिलं होतं. "व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

"अमेझिंग दिसतायत हाच प्रॉब्लेम आहे."

अंजिराकडून फळ हवं असेल तर आधी त्याला उपाशी ठेवावं लागतं. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, नुसत्या काड्या उरल्या की छाटणी करायची आणि मग एकदम पाणी सोडायचं. जिवावर बेतलेलं झाड मग फळांच्या मागे लागतं. ह्याला ताण देणं म्हणतात. पुरंदर तालुक्यातल्या दिवे गावात हे शाळेत जायच्या आधीच कळतं, आणि नीता तिथली होती. तिचे वडील वसंतराव, तिचे अण्णा, आयुष्यभर अंजीरच लावत आले. पावसाळा सरताना ताण तोडून धरतात तो मीठा बहार. त्याची फळं थंडी ओसरताना पिकतात आणि त्यांच्यासारखी गोडी दुसऱ्या कुठल्या बहाराला नाही, असं वसंतराव सांगत. बाकी कशाबद्दल ते इतकं खात्रीने बोलत नसत.

ह्या सात झाडांच्या काड्याही त्यांच्याच बागेतल्या. छाटणीत निघालेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीच्या हातात देताना ते म्हणाले होते, "पाला येईल. सावलीला बरा. फळाचं मात्र काय खरं न्हाई बघ."

नीताने ते मनावर घेतलं. दोह्याच्या अल दुहैल भागातल्या त्यांच्या कंपाउंडमध्ये अंगणाला फरशी, म्हणून तिने रंगाचे मोठे पिंप अर्धे कापले, तळाला भोकं पाडली, उन्हाने मुळं शिजू नयेत म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळलं, वर खजुराच्या झावळ्यांचं आच्छादन घातलं. झाडं वाढली. पण दरवर्षी ती आपल्या मनाने मार्चमध्ये फळं धरत आणि मे महिन्याच्या झळांनी ती सुपारीएवढी असतानाच वाळून जात. कढीपत्ता पिवळा पडला, मोगरा रुसला की दोह्यातल्या मराठी बायका नीताला फोन करत. तिचं औषध सहसा चुकत नसे. स्वतःच्या अंगणात मात्र तिला पिकलेलं एक अंजीर अजून मिळालेलं नव्हतं.

ह्या वर्षी तिने सगळं नीट जुळवून आणलं होतं. फुटबॉल वर्ल्ड कपची गर्दी ओसरली की फेब्रुवारीत अण्णा दोह्याला येणार होते, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून. इथला उन्हाळा हाच ताण, असं तिने ठरवलं. जुलै-ऑगस्ट झाडं उपाशी, सप्टेंबरात छाटणी, फेब्रुवारीत फळ. अण्णांनी स्वतःच्या हाताने तोडून खायचं आणि काय म्हणायचं ते म्हणायचं. बस्स, तिला एवढंच हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने गुरुप्रसादला अंगणात उभं करून सांगितलं होतं.

"आठवड्यातून दोनदा, एकेक तांब्या. मुळं जगतील एवढंच. पानं पिवळी पडतील, गळतील. गळू द्यायची. दया दाखवायची नाही."

गुरुप्रसादने मान हलवली होती. तो इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होता, आणि सूचना पाळणं हे त्याचं कामच होतं.

*

सकाळी नीता कंपाउंडच्या गेटपाशी गेली. केअरटेकर इकबाल दोन माणसांकडून फुटपाथच्या कडा रंगवून घेत होता. सगळ्या देशालाच तेव्हा रंगाचा वास येत होता. गेटवर झेंड्यांची माळ लागली होती, सुकलेली हिरवळ उचलून तिथे नवी अंथरली होती, आणि मालकाने म्हणे हुकूमच सोडला होता की पाहुणे येतील तेव्हा कंपाउंडमध्ये एक पान पिवळं दिसता कामा नये. नीताचा संशय इथेच पक्का झाला.

"इकबालभाई, मेरे पेड़ों को पानी किसने दिया?"

"कौन से पेड़, मैडम?"

"अंजीर. दीवार के पास. मैंने मना किया था ना? आप लोगों को तो हरा दिखाना है, मेरा पूरा बहार खलास कर दिया."

बहार म्हणजे काय हे इकबालला कळलं नाही, पण आपल्यावर आळ आलाय हे कळलं. त्याने हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"मैडम, कसम से, मेरे आदमी उधर गए ही नहीं. सुबह से शाम तक पेंट चल रहा है. आप साहब से पूछिए ना."

"साहब?" नीताला हसू आलं. "साहब को तो यह भी नहीं पता कि कौन सा पेड़ असली है और कौन सा प्लास्टिक का."

इकबाल काहीतरी बोलणार होता. पण मग त्याने ब्रश उचलला आणि तो पुन्हा फुटपाथकडे वळला.

घरी येऊन तिने अण्णांना फोन लावला. आदल्या दिवशीच त्यांच्या पाया पडून निघाली होती, आणि आता झाडांचे फोटो पाठवून शिव्या खायची तयारी ठेवली होती. अण्णा आधी मनसोक्त हसले.

"मग आता पालाच खा!"

"अण्णा, चेष्टा नको. काय करू सांगा."

"काय करायचं? हातानं पानं काढ. देठाचं बूड ऱ्हाऊ दे, कोंबाचा डोळा दुखवायचा न्हाई. मग पाणी तोड, पंधरा दिस थांब आन् छाट. समदी न्हाईत, पर निम्मी धरतील. फकस्त उशीर हुईल. माझं तिकीट मार्चाचं काढ." मग थोडं थांबून म्हणाले, "पर पाणी घालणाऱ्यानं घातलंय झ्याक. पान कसं तुकतुकीत हाय बघ."

फोन ठेवल्यावर नीता पुन्हा अंगणात आली. अण्णांचं शेवटचं वाक्य तिला खटकलं होतं. दोह्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी गार नसतं. गच्चीवरच्या टाकीत ते दिवसभर तापतं, चहा टाकावा इतकं. लोक गिझर बंद करून आंघोळीचं पाणी निवत ठेवतात. कुणी पाइप धरून ते पाणी कुंड्यांत सोडलं असतं तर मुळं उकडून झाडं आठवड्यात आडवी झाली असती. इथे तर एका पानाची कडसुद्धा करपलेली नव्हती. म्हणजे पाणी आधी गार केलेलं होतं. रोज, सात झाडांना पुरेल इतकं. इकबालची माणसं हा उपद्व्याप कशाला करतील?

काल आल्या आल्या खाली सोफ्यावरच झोपलेली नुपूर आत्ता उठून वर गेली होती, तिचा आवाज आला.

"आई! व्हाय आर देअर बकेट्स इन माय बाथरूम?"

*

बादल्याच बादल्या होत्या. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या, धुण्याची निळी, फरशी पुसायची लाल, दिवाळीच्या फराळाचं पीठ ठेवायचा मोठा डबासुद्धा. सगळ्या काठोकाठ भरलेल्या आणि एसी चालू. नुपूरचं बाथरूम घरातलं सगळ्यात थंड, कारण त्याच्या दाराच्या अगदी वर एसीचा झोत येतो. रात्री भरून ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत तिथे चांगलं निवलं असतं. नीताने निळ्या बादलीत हात बुडवला. पाणी माठातल्यासारखं गार होतं.

"वॉज बाबा वॉशिंग द होल हाउस?"

"नाही," नीता म्हणाली. "तू माझ्या बाथरूममध्ये आंघोळ कर आज."

ती खाली उतरली. आता तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. सातव्या कुंडीपाशी, भिंतीच्या कोपऱ्यात, एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती. काल तीही दिसली होती, पण ठेवली असेल कुणीतरी म्हणून नजर पुढे गेली होती. खुर्चीचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, झाडांकडे होतं. शेजारी फरशीवर चहाच्या कपाची गोल डागळलेली खूण होती, एकावर एक चढलेली, म्हणजे कप रोज तिथेच टेकवला जात होता. आणि एअरपोर्टवर तिने गुरुप्रसादच्या हातांवरचे तांबूस पट्टे पाहिले होते, कोपरापासून मनगटापर्यंत. विचारल्यावर तो म्हणाला होता, घामोळं आहे. ती म्हणाली होती, पावडर लावा.

गच्च पाल्यात हात घालताना देठ मोडून अंजिराचा चीक अंगावर उडाला आणि त्यावर ऊन लागलं की नेमके असे पट्टे उठतात. लहानपणी तोडणीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ते असत. अंजीरवाल्याच्या लेकीला ते ओळखता येऊ नयेत? नीता खुर्चीवर बसली. ऊन भिंतीच्या पलीकडे होतं, तरी हवा तव्यासारखी तापलेली होती. अशा हवेत माणूस संध्याकाळी बाहेर येऊन बसतो, तेव्हा आत त्याला किती नको झालं असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि मग तो तिथून हलेना.

शाळांना सुट्टी लागली की दोह्यातल्या बायका-मुलं गावी जातात आणि पुरुष मागे राहतात. हे इतकं ठरलेलं आहे की त्यावर कुणी काही बोलतही नाही. एरवी गुरुप्रसाद ऑगस्टात दोन आठवडे पुण्याला यायचा. ह्या वर्षी वर्ल्ड कपमुळे त्याच्या कंपनीत सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या. ती रोज रात्री फोन करायची. मागे बहिणींचा गोंधळ चाललेला असायचा. जेवलात का? हो. झाडांना पाणी? ठीक. मग ठेवू? ठेव. दोन महिने हेच. "ठीक" ह्या उत्तरावर ती दर वेळी खूश होऊन झोपली होती.

*

संध्याकाळी गुरुप्रसादची गाडी आली तेव्हाही नीता त्याच खुर्चीवर होती. एसीतून बाहेरच्या दमट हवेत पाऊल ठेवताच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. तो तसाच, काही न दिसता, डबा हातात घेऊन दोन पावलं आला. मग चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला, आणि खुर्चीवर कोण बसलंय ते त्याला दिसलं.

"हात दाखवा," नीता म्हणाली.

"घामोळं आहे गं."

"मी वसंतरावांची मुलगी आहे."

गुरुप्रसादने डबा खाली ठेवला. त्याने झाडांकडे पाहिलं.

"सुरुवातीला पाळलं मी," तो म्हणाला. "दोनदा, तांब्या तांब्या. पानं गळायला लागली तेव्हा काही वाटलं नाही, तू सांगितलंच होतंस. मग ह्या कोपऱ्यातल्याला एकच पान राहिलं. ड्यूटीवरून आलो की आधी ते आहे का बघायचो. एक दिवस तेही लोंबायला लागलं. मी एक बादली ओतली. एकच. म्हटलं, एका झाडाने काय होतंय. चार दिवसांनी शेंड्याला कोंब आला, नीता. एवढासा. घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं मला."

"आणि बाकीची सहा?"

"एकाला द्यायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, ते काही बरं दिसेना."

नीताला हसू आलं, आणि ते तिने दाबलं, कारण राग अजून गेलेला नव्हता.

"मला सांगायचं ना फोनवर."

"काय सांगणार? मला करमत नाही म्हणून तुझा बहार बुडवला, असं?" त्याने चष्मा पुन्हा काढला, पुसायला काही नसताना. "दिवसभर काय करत होतो माहितीये? टेस्ट रन. सगळं स्टेडियम गार करायचं, प्रत्येक स्टँडचं टेंपरेचर तपासायचं, आणि आत एकही माणूस नाही. हजारो खुर्च्या रिकाम्या. महिनाभर तेच केलं. मग घरी यायचं तर घरही तसंच. माझं चुकलं. अण्णांसाठी होतं ते, मला माहीत होतं. रोज सकाळी बादली उचलताना ठरवायचो, आज शेवटची."

त्याचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती आणि ह्यातली सहा वर्षं तो दर उन्हाळ्यात एकटा राहिला होता. करमत नाही हे शब्द नीताने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तिला लाज वाटली. झाडाला दोन महिने उपाशी ठेवलं तर त्याला काय होतं, हे तिला पानागणिक माहीत होतं. माणसाचं तिने कधी विचारलंच नव्हतं.

"शुक्रवारी सुट्टी आहे ना तुम्हाला?" ती उठत म्हणाली.

"आहे. का?"

"पानं काढायची. सगळी. अण्णांशी बोललेय मी. निम्मा बहार वाचतो अजून."

"सगळी?" गुरुप्रसादने झाडांकडे पाहिलं. "ही?"

"हीच. आणि तुम्हीच काढायची. मी फक्त दाखवणार."

*

शुक्रवारी ऊन चढायच्या आत तिघंही अंगणात होती. नीताने गुरुप्रसादला जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावला, हातांना खोबरेल चोपडलं आणि पहिलं पान कसं काढायचं ते दाखवलं. देठ दोन बोटांत धरायचा, बुडाशी थोडा ठेवून मोडायचा, ओढायचं नाही. देठ मोडला की पांढरा चीक टपकतो, तो फडक्याने टिपायचा. गुरुप्रसादने पहिलं पान काढायला इतका वेळ लावला की नुपूरने मोबाइल खाली केला.

"बाबा, इट्स जस्ट अ लीफ."

"तुला काय माहीत," तो म्हणाला.

दुसऱ्या झाडापर्यंत त्याचा हात बसला. तिसऱ्याला तो नीतापेक्षा भराभर काढू लागला आणि चौथ्याला त्याने तिलाच सांगितलं की तिचा एक देठ फारच वर मोडलाय. नीताने कपाळाला हात लावला. नुपूर पानं गोळा करून पोत्यात भरत होती. गेटकडून इकबाल आला आणि ते उघडेबोडके सांगाडे बघून जागीच थांबला.

"मैडम, यह क्या? मालिक देखेगा तो..."

"नवंबर में देखना, इकबालभाई. पूरे कंपाउंड में सबसे हरे यही होंगे. और मार्च में आपको पहली टोकरी, इन्शाल्ला." मग तिने आवाज उतरवला. "और उस दिन का... माफ़ करना. साहब ही थे."

"मालूम है, मैडम," इकबाल म्हणाला. "मैं तो रोज देखता था. बालटी भी लाते थे, बात भी करते थे."

गुरुप्रसादने मान खाली घालून आणखी एक देठ मोडला. त्याचे कान लाल झाले होते.

सहा झाडं झाली तेव्हा ऊन भिंतीच्या माथ्यावर आलं होतं. गुरुप्रसाद सातव्यापाशी, कोपऱ्यातल्यापाशी गेला. बाकीच्या सहांपेक्षा ते जरा जास्तच भरलेलं होतं. त्याने खालच्या फांदीचं एक पान दोन बोटांत धरलं.

"ते राहू दे," नीता मागून म्हणाली.

"हे राहिलंय ना अजून."

"राहू दे म्हटलं."

"अगं, मग ह्याला फळ नाही यायचं."

"नको येऊ दे. सहा पुरेत." तिने फडक्याला हात पुसले. "त्याला रोज घालत होतात तसं घालत जा. बादल्या मात्र आपल्या बाथरूममध्ये. नुपूरला तिचं बाथरूम हवंय."

गुरुप्रसादने पान सोडलं. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, ती त्याने उचलून पुन्हा झाडासमोर ठेवली, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन दुसरी घेऊन आला.

नीताचा फोन वाजला. अण्णा होते. नुपूरने त्यांना व्हिडिओ पाठवला होता.

"ब्येस काढलीत पानं. जावई शेतकरी झालं की! त्येवढं कोपऱ्यातलं का ठिवलं पर?"

"असू दे, अण्णा."

"आसू दे तर आसू दे. मार्चाचं तिकीट काढलं का माझं? आन् हे बघ, पुढल्या आषाढात हिकडं यायच्या आदी नळाला कुलूप घाल. किल्ली संगं आण."

"पुढच्या वर्षी नुपूर एकटीच येईल, अण्णा. मी इथेच राहणार आहे."

पोत्याचं तोंड बांधता बांधता नुपूर थांबली. गुरुप्रसाद दुसरी खुर्ची फडक्याने पुसत होता, त्याचाही हात थांबला.

"उन्हाळ्याची? तितं? काय डोकंबिकं फिरलंय का तुजं?" अण्णांचा आवाज सगळ्या अंगणात ऐकू जात होता. "आगं, ताणावरच्या झाडाला माणूस कशाला लागतंय?"

"एक झाड ताणावर नाहीये, अण्णा," नीता म्हणाली. "त्याला रोज पाणी लागतं."

पलीकडून अण्णा "बरं," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मग ऱ्हा."

गुरुप्रसादने खुर्ची पुसून संपवली. मग रिकामी निळी बादली उचलून तो ती भरून ठेवायला घरात गेला.